एसक्यूएल शिकताय? या चुका टाळा, आधी एरर न देणाऱ्या

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला, टेबलांमध्ये साठवलेल्या माहितीला, प्रश्न विचारायची भाषा. स्वल्पविराम राहिला, अवतरणचिन्ह बंद केलं नाही, की डेटाबेस लगेच बोंब मारतो. त्या चुका दोन दिवसांत सुटतात. ज्या क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) मुकाट्याने चालतात आणि चुकीचं उत्तर देतात, त्यांची भीती बाळगा.

समजा, वाचनालयाचं 'सभासद' नावाचं टेबल आहे. 37 क्रमांकाच्या सभासदाने 500 रुपये वर्गणी भरली. तुम्ही लिहिलंत 'अपडेट सभासद सेट वर्गणी = 500', आणि 'व्हेअर क्रमांक = 37' लिहायच्या आधीच एंटर दाबलंत. झालं! सगळ्या गावाची वर्गणी भरली गेली. डिलीटचंही तेच. माझी सवय अशी: आधी तीच व्हेअर अट लावून सिलेक्ट चालवायचं, किती ओळी येतात ते मोजायचं आणि मगच अपडेट. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींमध्ये प्रत्येक बदल आपोआप कायम होतो, म्हणून आधी 'बिगिन' लिहा. गडबड झालीच तर 'रोलबॅक' (बदल मागे घ्या), सगळं ठीक असेल तर 'कमिट' (बदल कायम करा). मायएसक्यूएलमध्ये 'ड्रॉप टेबल' मात्र रोलबॅकने परत येत नाही.

आता नल. शिकणारे सगळ्यात जास्त इथे अडखळतात. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. म्हणून 'व्हेअर फोन = नल' लिहिलं की एकही ओळ येत नाही; 'फोन इज नल' असंच लिहावं लागतं. याहून चोरटा प्रकार पाहा. दहा सभासदांपैकी सहा पुण्याचे, तिघे बाहेरगावचे, एकाचं गाव भरलेलंच नाही. 'व्हेअर गाव <> 'पुणे'' (म्हणजे गाव पुणे नसलेले) विचारलं तर चार नाही, तीनच नावं येतात. ज्याचं गाव माहीत नाही तो पुण्याचा नाही, असं डेटाबेस छातीठोक सांगू शकत नाही, आणि व्हेअरमधून फक्त नक्की खरं ठरलेलंच पुढे जातं. तोही हवा असेल तर 'ऑर गाव इज नल' जोडा. 'नॉट इन'च्या ('यांपैकी नसलेले' या अटीच्या) यादीत एक जरी नल शिरला, तर निकाल थेट रिकामा.

'गाव = 'सातारा' ऑर गाव = 'कराड' अँड वर्गणी = 0' या क्वेरीत अँड आधी धरला जातो. त्यामुळे थकबाकी फक्त कराडची तपासली जाते आणि साताऱ्याचे पैसे भरलेले सभासदही यादीत येतात. ऑरच्या दोन्ही अटींभोवती कंस घाला.

इन्सर्ट करताना कॉलमची नावं लिहायचा कंटाळा करू नका. नुसती भरायची मूल्यं दिली आणि क्रम चुकला, तर नावाच्या जागी गाव बसतं. दोन्ही मजकूरच, हरकत कोण घेणार? फोन नंबर मजकूर म्हणूनच साठवा, नाहीतर पुण्याच्या 020 मधलं पहिलं शून्य गळतं.

आणि आपल्या देवनागरीचं दुखणं. 'सविता' भरलं आणि टेबलात '?????' दिसलं, तर कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, तपासा. मायएसक्यूएलच्या 8.0 आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी न सामावणारा लॅटिन1 हा डीफॉल्ट होता, देवनागरी सामावणारा यूटीएफ8एमबी4 निवडा. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये कॉलमचा प्रकार एनव्हारचार ठेवा आणि मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' हे इंग्रजी अक्षर लावा. एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून शंभर नावं भरण्याआधी एकच भरा आणि सिलेक्ट करून बघा.