पानगळीत लहान मुलांसोबत पाचोळा गोळा करायचा तर काय काय करावं

पाचोळा झाडायचं काम लहान मुलांना मनापासून आवडतं, पण आपल्याला ते पटकन उरकायचं असतं म्हणून आपण त्यांना "बाजूला हो, मध्ये मध्ये येऊ नकोस" म्हणत राहतो. अडीच-तीन वर्षांचं मूलसुद्धा यात खरंखुरं काम करू शकतं, आणि आपल्या हातून खरंच काहीतरी होतंय हे त्याला बरोबर कळतं. फक्त आधी मनाशी ठरवून टाका की आज अंगण चकाचक होणार नाहीये. तसं हवंच असेल तर मुलं झोपल्यावर करा, आत्ताचा वेळ त्यांचा.

दिवस जरा बघून निवडा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर पानं जड होतात, एकमेकांना चिकटतात आणि पाय घसरतो. जोराचा वारा असेल तर केलेला ढीग परत पसरतो आणि मुलं वैतागतात. दव वाळल्यानंतरची सकाळ बेस्ट. थोडा वारा असेलच तर तो पाठीवर घ्या आणि त्याच दिशेने झाडत जा, अर्धं काम तोच करतो.

आता सामान. मोठ्यांचं दंताळं मुलांना देऊ नका, दांडा त्यांच्या डोक्याच्याही वर जातो आणि वळताना शेजारच्याला लागतो. दांडा मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढाच हवा, दात प्लास्टिकचे असले तर उत्तम. नसेल मिळत तर हातमोजे आणि एक छोटं घमेलं द्या, तेवढ्यानेही भागतं. एक नियम मात्र पहिल्याच मिनिटाला सांगायचा आणि आपणही पाळायचा, की दंताळं खाली ठेवताना दात जमिनीकडे, कारण वर आलेल्या दातांवर पाय पडला की दांडा सट्‌कन उठून तोंडावर बसतो.

मुलांना बोलवायच्या आधी आपण एक चक्कर मारायची. काचा, काटे, तारा उचलून टाका. जुना, बरेच दिवस पडलेला ढीग असेल तर लांब काठीने आधी हलवून बघा, त्यात विंचू, साप, गांधीलमाश्या काहीही असू शकतं, अशा ढिगात मुलांनी हात घालायचाच नाही. कण्हेर असेल तर तिची पानं आपणच वेगळी करा, ती विषारी असतात आणि लहान मुलं काय तोंडात घालतील सांगता येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला धुळीपासून आणि कुजक्या, बुरशी आलेल्या पानांपासून लांबच ठेवा.

मग सुरुवात करा. खडूने किंवा दोरीने एक मोठा गोल आखा आणि सांगा की सगळी पानं या गोलात आणायची. नुसतं "झाड" म्हटलं तर तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही कुठून कुठपर्यंत, गोल दिसला की कळतं. गोल पाच-सहा पावलांवरच ठेवा. दंताळं छोटे छोटे हात मारत स्वतःकडे ओढायचं हे एकदा करून दाखवा, मग ते पुढे ढकलत बसले तरी ढकलू दे. थोडं मोठं मूल असेल तर त्याला एक पट्टा वाटून द्या, तो त्याचा, त्यात आपण हात घालायचा नाही.

सगळ्यात मजा येते ती चादरीला. जुनी चादर ढिगाशेजारी पसरा, पानं तिच्यावर लोटा, चारही टोकं एकत्र धरा आणि सगळ्यांनी मिळून ओढत न्या. अर्धीच भरा, नाहीतर मुलांना हलत नाही आणि मग आपण एकटेच ओढत बसतो.

ढिगात उड्या मारायला मुलं मागणारच, मारू द्या, पण ढीग आजचाच असावा, खाली माती किंवा गवत असावं (फरशीवर नको, पानं दबतात आणि डोकं थेट आपटतं), दंताळी लांब ठेवलेली असावीत आणि एका वेळी एकच जण. रस्त्याच्या कडेला किंवा गाड्या लागतात तिथे ढीग करूच नका, पानांत लपलेलं मूल ड्रायव्हरला अजिबात दिसत नाही. यात सूट नाही.

मध्येच कुणीतरी विचारेल पानं का पडतात. तेव्हा काम थांबवा, तो प्रश्न जास्त महत्त्वाचा. एक गळलेलं पान घ्या आणि देठाचं टोक दाखवा, ते गुळगुळीत असतं. मग एक हिरवं पान तोडून दाखवा, तिथे फाटल्यासारखं दिसतं. झाड स्वतःच देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करतं आणि पान तिथून सुटतं. रंगाचंही सांगा, हिरवा रंग मोडून जातो तेव्हा आधीपासून आत असलेला पिवळा दिसायला लागतो, लाल मात्र बहुतेक झाडं त्याच वेळी नवीन बनवतात. पान उन्हासमोर धरलं की शिरांचं जाळं दिसतं, त्यावर मुलं बराच वेळ रमतात.

जमलेला पाचोळा जाळू नका, धूर मुलांच्याच छातीत जातो. ओल्या कचऱ्याचं खत करत असाल तर एक भाग ओल्याला दोन-तीन भाग सुकी पानं घाला, वास येत नाही. नुसत्या पानांचं खत करायचं तर पोत्याला भोकं पाडा, पानं ओली करून भरा आणि सावलीत ठेवा. 6 महिने ते 2 वर्षं लागतात, जाड चिवट पानांना जास्त. भरण्याआधी मुलांना पानांवर नाचायला लावा, चुरा झाला की लवकर कुजतात. झुडपांखाली थोडी पानं तशीच राहू द्या, किडे-मुंग्या तिथे राहतात.

पंधरा-वीस मिनिटं झाली, भांडणं सुरू झाली किंवा कुणी खाली बसलं की बास. मग साबणाने हात, कपडे झटकायचे, कानामागे आणि केसांत गोचीड नाही ना बघायचं. पोत्यावर तारीख मुलांकडूनच लिहून घ्या, आणि अधूनमधून त्यावर पाणी शिंपडायचं काम त्यांच्याकडेच द्या.