पिकअपमध्ये चावी काढल्यावरही चालू राहणारा सप्लाय कसा घ्यावा

फ्रिज, वायरलेस सेट, पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम, ट्रॅकर, हौद्यातले दिवे. चावी काढली की बंद पडून चालत नाही, अशी ही यादी फार मोठी नसते. मोबाइल चार्जर आणि फॉग लॅम्प तिच्यात घालू नका. ते चावीवरच्या सप्लायवर चांगले चालतात. डायरेक्ट बॅटरीवरून घेतलेली वायर गाडी उभी असतानाही जिवंत असते. म्हणजे ती रात्रभर बॅटरी उपसू शकते, आणि कुठे घासली तर बंद गाडीतही आग लावू शकते. पुढचे सगळे काम या दोन गोष्टी टाळण्यासाठीच आहे.

आधी हिशेब

प्रत्येक वस्तूवर लिहिलेले वॅट १२ ने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचा फ्रिज म्हणजे ५ अँपिअर, तेही कॉम्प्रेसर चालू असताना. पण बॅटरी संपवतात त्या बहुधा सतत चालणाऱ्या छोट्या वस्तू. अर्धा अँपिअर घेणारे उपकरण २४ तासांत १२ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) खाते. ६० अँपिअर-अवरची बॅटरी त्याने अडीच दिवसांत निम्म्यावर येते. साधी स्टार्टिंग बॅटरी इतकी वारंवार उतरवली तर तिचे आयुष्यही घटते. गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर दुसरी बॅटरी किंवा मधे एक मेन स्विच, याचा विचार आत्ताच करा.

वायर किती जाड?

इथे कंजुषी करू नये. बॅटरीपासून हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत वायर ५ मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपिअर गेले की सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३ च्या आत राहतात. फरक छोटा दिसतो, पण फ्रिजला बॅटरीचा व्होल्टेज कळत नाही, आपल्या सॉकेटपर्यंत पोहोचलेलाच कळतो. वायर बारीक असेल तर बॅटरी चांगली भरलेली असतानाही तो ‘बॅटरी लो’ दाखवून बंद होतो, आणि माणूस विनाकारण नवी बॅटरी घेऊन येतो. वायर शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. तारा बारीक आणि पुष्कळ असाव्यात, जाड एकेरी तार धक्क्यांनी तुटते.

फ्यूज वायरीसाठी असतो

तो उपकरण वाचवायला आहे असे समजून बरेच जण फ्यूज सॉकेटजवळ बसवतात. मग बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरीला संरक्षणच राहत नाही. मधे कुठे बॉडीला लागली की करंट अडवणारे काहीच नाही. मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच हवा. सततचा भार फ्यूजच्या क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत ठेवा: २० अँपिअर लागणार असतील तर २५ चा फ्यूज. वायरीला झेपेल त्याहून मोठा मात्र कधीच नाही.

बॅटरीच्या टोकावर चार वस्तूंच्या चार वायरी अडकवू नका. एक जाड वायर काढा, ती आत फ्यूज बॉक्सपर्यंत न्या आणि तिथून प्रत्येक वस्तूला तिचा वेगळा फ्यूज द्या. डॅशकॅमसारखी एकच हलकी वस्तू असेल तर एवढा पसारा नको. गाडीच्याच फ्यूज बॉक्समध्ये, चावी काढल्यावरही टेस्ट लॅम्प (सप्लाय आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) पेटतो अशा जागी, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथूनच जादा वायर काढून देणारा जोड) लावा. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनच्या फ्यूजना हात लावू नका.

जोडणी

१. चावी काढा आणि आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवा. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. काही गाड्यांत यानंतर रेडिओचा कोड पुन्हा टाकावा लागतो, तो आधी शोधून ठेवा.

२. वायर आत नेताना फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसवलेली कडी) न्या. नवे भोक पाडले तर त्यातही ग्रोमेट बसवा. पत्र्याची उघडी कड इन्सुलेशन हळूहळू कापते. हौद्याकडे जाणारी वायर फ्लेक्सिबल पाइपमध्ये घालून चासीच्या बाजूने न्या आणि ठिकठिकाणी केबल टाय लावा. सायलेन्सरपासून लांब ठेवा, ब्रेक पाइपला बांधू नका.

३. लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी) चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. वायर जोरात ओढून पाहा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी. पिळून टेप गुंडाळलेला जोड धक्के सोसत नाही.

४. अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या धातूला जोडणे. निम्म्या तक्रारींचे मूळ इथे सापडते, असे माझे मत. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, लग बोल्टने घट्ट कसा, वरून ग्रीस लावा. हौद्याच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका, चासी गाठा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सरची डबी दिसली तर अर्थ टोकावर न घेता बॉडीवर घ्या, नाहीतर तुमच्या वस्तूंनी घेतलेला करंट गाडीच्या हिशेबात येत नाही.

५. मेन फ्यूज काढून ठेवून बाकी सगळे जोडा. मग बॅटरीचे निगेटिव्ह लावा आणि फ्यूज अगदी शेवटी बसवा.

बॅटरी वाचवायची सोय

फ्रिज असेल तर लो व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की सप्लाय तोडणारे उपकरण, लावाच. शांत बसलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर १२.६ च्या आसपास आणि निम्म्यावर १२.२ च्या आसपास असतो. कट-ऑफ १२.० ते १२.२ वर ठेवला की सकाळी इंजिन सुरू होण्यापुरते शिल्लक राहते.

शेवटी, चावी काढून आणि दारे लावून अर्धा तास थांबा, गाडीचे कॉम्प्युटर झोपू द्या. मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागी ठेवा, निगेटिव्ह टोकाची केबल सोडवा आणि टोक व केबल यांच्या मधे मीटर जोडा. जोडताना गाडी पुन्हा जागी होते, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहा. तुमच्या वस्तू बंद असताना तो ०.०५ अँपिअरच्या आत हवा. जास्त आला तर नव्या फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक काढून पाहा. ज्यावर आकडा खाली येतो, ती वायर तपासा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, स्टार्टरच्या करंटने त्याचा फ्यूज लगेच उडतो.