यूकेत २० तासांचा हिशेब कुठे चुकतो? विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

पदवी किंवा मास्टर्ससाठी यूकेला गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पदवीच्या खालच्या अभ्यासक्रमांना ही मर्यादा १० तासांची आहे. एकविसावा तास भरला म्हणून कुठे घंटा वाजत नाही, आणि गफलत तिथेच होते. तुमच्यावर रोज कुणी नजर ठेवून नसतं. पण प्रत्येक पगाराची तारखेनिशी नोंद सरकारदरबारी साठत जाते आणि ती उघडली जाते बहुधा पुढच्या व्हिसाच्या वेळी, जेव्हा दुरुस्त करण्यासारखं फारसं काही हातात उरलेलं नसतं.

ही नोंद अशी होते. पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी मालक एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, ऑनलाइन विवरण पाठवतो. त्यात तुमचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर, म्हणजे कर आणि विम्यासाठीचा तुमचा कायमचा क्रमांक, पगार, कापलेला कर आणि आठवड्याचे नेहमीचे तास कोणत्या गटात बसतात ते असतं. १५.९९ तासांपर्यंत ए, १६ ते २३.९९ बी, २४ ते २९.९९ सी, ३० आणि त्यापुढे डी. यांत न बसणाऱ्यांसाठी ई. बी गटात २० तासवालाही येतो आणि २३ तासवालाही, म्हणून एकट्या या रकान्यावरून फारसं सिद्ध होत नाही.

रकमेवरून मात्र बरंच कळतं. २०२५-२६ मध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. २० तासांचे आठवड्याला २४४.२० पौंड, महिन्याला सरासरी १,०५८ च्या आसपास. आता एकाच ऑक्टोबरमध्ये एका एनआय नंबरवर सुपरमार्केटकडून १,००० आणि केअर होमकडून ९०० पौंड आले, तर किमान वेतनाने ते दीडशेहून जास्त तास होतात. त्या महिन्यात मुभा असते जेमतेम ८८-८९ तासांची. हा हिशेब होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या गृहखात्याला, एचएमआरसीकडून माहिती घेऊन सहज मांडता येतो. ‘दोन्ही मालक वेगळे, त्यांना एकमेकांचं काय कळणार’ या भरवशावर राहू नका. २० तास तुमचे आहेत, प्रत्येक नोकरीचे नाहीत.

आठवडा सोमवारी सुरू होतो

सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे, आणि तेही प्रामाणिकपणे काम करणारे. व्हिसाच्या नियमात आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. पुष्कळ दुकानांचा रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, मात्र रविवार ते शनिवार असतो. समजा पहिल्या रोट्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार अशा पाच-पाच तासांच्या चार शिफ्ट केल्या: २० तास. पुढच्या रोट्यात रविवारी ८, मंगळवारी ६, गुरुवारी ६: पुन्हा २०. मॅनेजरच्या कागदावर सगळं चोख. पण पहिल्या सोमवारपासून त्याच रविवारपर्यंत मोजलं तर २८ तास झाले. मर्यादा मोडली.

सरासरीही चालत नाही. या आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले म्हणून फिटंफाट होत नाही. रविवारी रात्री १० ते सोमवारी सकाळी ६ अशी शिफ्ट असेल तर २ तास जुन्या आठवड्यात जातात, ६ नव्यात. कुणी आजारी पडलं की ‘जरा थांबतोस का?’ असा फोन हमखास येतो. तेव्हा नाही म्हणणं जड जातं, म्हणून ठरलेले तास आधीच १७-१८ ठेवावेत.

उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे

एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांची ही ठरलेली चूक. जूनमध्ये वर्ग संपतात, कॅम्पस ओस पडतो, पदवीची मुलं फुलटाइम कामाला लागतात. पण मास्टर्सवाल्यांचा तो प्रबंधाचा काळ असतो आणि बहुतेक विद्यापीठांत तो टर्ममध्येच धरला जातो. खरी सुट्टी नाताळ आणि ईस्टरची, तीही विभागानुसार बदलते. वेबसाइटवरचं पदवीचं कॅलेंडर पाहून तारखा ठरवू नका. तुमच्या अभ्यासक्रमाच्या सुट्ट्यांचं पत्र विभागाकडून घ्या. मालकालाही शेअर कोडसोबत (काम करण्याचा हक्क ऑनलाइन तपासण्यासाठी तुम्ही देता तो कोड) हा पुरावा जपून ठेवावा लागतो. बेकायदा कामगार सापडल्यास फेब्रुवारी २०२४ पासून मालकाला पहिल्या खेपेला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे चांगला मालक हे पत्र स्वतःच मागतो.

प्रबंध लवकर दिला म्हणूनही मोकळीक मिळत नाही. विद्यापीठाच्या नोंदीत कोर्स संपण्याची जी तारीख आहे ती उलटावी लागते. पीएचडीवाल्यांना तर उन्हाळी सुट्टी अशी नसतेच. गाइडने मंजूर केलेली रजाच काय ती सुट्टी.

जे काम वाटत नाही तेही काम

बिनपगारी ट्रायल शिफ्ट आणि नोकरीतलं ट्रेनिंग २० तासांतच धरा. पैसे मिळाले नाहीत हा बचाव टिकत नाही. कोर्सचाच भाग असलेली, मूल्यमापन होणारी प्लेसमेंट मात्र वेगळी मोजतात.

स्वतंत्र व्यवसाय तर अजिबात चालत नाही, मग तास कितीही कमी असोत. फूड डिलिव्हरी अ‍ॅपवर दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन फिरणं, फ्लॅटमध्ये पोळी-भाजीचे डबे करून ग्रुपवर विकणं, फ्रीलान्स डिझाइन, सगळं यात आलं. पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम लॅपटॉपवर चालू ठेवलं असेल तर तेही यूकेत बसून केलेलं काम आहे. पगार भारतातल्या खात्यात आला म्हणून ते सुटत नाही.

रोखीने काम केलं की नोंदच राहत नाही, असा सल्ला प्रत्येक शहरात कुणीतरी देतंच. पे-स्लिप नसते हे खरं. पण धाड पडली तर आपण कायद्यात राहून काम केलं हे दाखवायला तुमच्याकडेही काही उरत नाही, आणि किमान वेतन बुडालं तर तक्रारीचा पुरावाही.

नोंद कशी तपासाल, चूक झाली तर काय कराल

एचएमआरसीचं अ‍ॅप उघडा. पगाराच्या नोंदीत प्रत्येक मालकाने कळवलेली रक्कम तारखेसह दिसते. ती पे-स्लिपशी ताडून पाहा. साठलेला हॉलिडे पे (भरपगारी रजेचे पैसे) किंवा मागची थकबाकी एकदम आली की महिन्याचा आकडा फुगतो. त्या स्लिपवर तो वेगळा दाखवला आहे ना ते बघा, नसेल तर पेरोलकडून, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाकडून, लेखी खुलासा घ्या. शिवाय स्वतःची एक शीट ठेवा: सोमवारची तारीख, मालक, आत-बाहेरची वेळ, बेरीज. रोट्याचे स्क्रीनशॉटही तिथेच.

तास ओलांडलेत हे लक्षात आलं, तर त्या आठवड्याच्या उरलेल्या शिफ्ट लगेच सोडा आणि मॅनेजरला लेखी कळवा. रोटा किंवा मेसेज पुसून टाकू नका. विद्यापीठात बोलण्याआधी समोरचा सल्लागार आहे की कम्प्लायन्स विभागातला (व्हिसाचे नियम पाळले जातात का ते पाहणारा), हे विचारून घ्या, कारण उल्लंघन कळल्यावर होम ऑफिसला कळवणं विद्यापीठावर बंधनकारक असतं. मामला एखाद्या आठवड्यापुरता नसेल तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठा. ग्रॅज्युएट व्हिसाच्या (शिक्षण संपल्यावर यूकेत राहून काम करण्यासाठीच्या व्हिसाच्या) अर्जात मात्र काही दडवू नका. तास मोडल्यावर अर्ज नाकारायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर असतं, पण अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर पुढची १० वर्षं यूकेचा व्हिसा बंद होऊ शकतो.