दुकानातल्या, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरातल्या बहुतेक पेढ्यांत कामाचा कॉम्प्युटर एकच असतो. टॅली त्याच्यावर, ई-वे बिल त्याच्यावर, नेट बँकिंग त्याच्यावर आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की पिक्चरही त्याच्यावरच उतरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान, व्हायरस येतो तो या रोजच्या कामांच्या वाटेनेच. आणि बहुतेक वेळा दार आतूनच कुणीतरी उघडलेलं असतं.

खातं बदलल्याचा मेल आला आणि पैसे भरले

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि यात अनेकदा आपल्या कॉम्प्युटरवर व्हायरस नसतोच. सूतवाल्याचा नेहमीचा मेल येतो. खाली नेहमीची सही, मागचा सगळा पत्रव्यवहार, बिलाचा आकडाही बरोबर. फक्त एक ओळ वाढलेली असते: ‘ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या वेळी नव्या खात्यावर आरटीजीएस करा.’ दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स आधीच कुणाच्या तरी हाती गेलेला असतो. तो माणूस आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत बसतो आणि मोठं बिल निघालं की मध्ये शिरतो. टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्यांच्या बाबतीत हेच उलटं होतं: आपल्या नावाने मेल जातो आणि परदेशातला खरेदीदार भलत्याच खात्यात पैसे भरून मोकळा होतो.

पाठवणाऱ्याचं नाव बघून काही कळत नाही, ते कुणीही काहीही लिहू शकतो. नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता उघडा आणि एकेक अक्षर वाचा. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाटतात. आयच्या जागी एक हा आकडा बसवलेला असतो. पत्ता अस्सल असला तरी निर्धास्त होऊ नका, कारण मेलबॉक्सच चोरीला गेला असेल तर मेल खऱ्या पत्त्यावरूनच येतो. म्हणून खातं बदललं म्हटलं की फोन करायचा, आणि तो मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर.

आपला जीमेल फुटलाय का, ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ बघा. अनोळखी पत्त्यावर मेल पुढे जात असतील, किंवा ‘बँक’, ‘इनव्हॉइस’ असे शब्द असलेले मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर असेल, तर कुणीतरी आत येऊन गेलंय. मग इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ दाबा. कुठून कुठून लॉगिन झालं ते दिसतं. नुसता पासवर्ड बदलला आणि तो फिल्टर तसाच ठेवला, तर मेल पुढे जातच राहतात. नेमकं हेच विसरलं जातं.

नोटिशीची फाइल घाईत उघडली

जीएसटीचं मासिक रिटर्न भरायची, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख किंवा जीएसटीआर-३बी ची २० तारीख जवळ आली की ‘जीएसटी नोटीस’ नावाची जोडफाइल आलेला मेल कुणीही पटकन उघडतो. फाइलच्या नावात शेवटी पीडीएफ दिसतं, पण विंडोज मुळातच शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, लपवतं. खरं नाव ‘नोटीस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’त जाऊन ‘शो’मधलं ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ एकदा चालू करून ठेवा. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके अशा शेपटाची नोटीस नसते. झिपला पासवर्ड असेल आणि तो मेलमध्येच लिहिलेला असेल तर आणखी सावध व्हा: मेल सेवेच्या स्कॅनरला आतलं दिसू नये म्हणून ही युक्ती असते. खरी नोटीस असेल तर पोर्टलवर लॉगिन केल्यावर ‘व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स’मध्ये दिसते. मेलमधल्या लिंकवरून तिथे जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

याच जातीचा नवा सापळा म्हणजे ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’. वेबसाइट सांगते: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पान उघडल्यावर किंवा त्यावरचं बटण दाबल्यावर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं साठतं त्या जागी, गुपचूप एक कमांड आलेली असते आणि एंटर आपणच मारतो. खरा कॅप्चा असलं काही कधीच करायला लावत नाही.

पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला

लेबलचं डिझाइन छापायला पेन ड्राइव्ह डीटीपीवाल्याकडे जातो आणि परत येतो तेव्हा सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण असतो, साइज एक-दोन केबी. हे शॉर्टकट आहेत. त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरं फोल्डर उघडतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. डेटा गेला समजून लगेच फॉरमॅट करू नका. खरी फोल्डरं तिथेच लपवलेली असतात.

आधी कॉम्प्युटर स्कॅन करा, मग ड्राइव्ह. त्यानंतर फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल्स दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. फक्त आपल्या फाइल्स उतरवून घ्या, शॉर्टकट घेऊ नका, मग ड्राइव्ह फॉरमॅट करा. क्रम उलटा केला तर अर्ध्या तासात ड्राइव्ह पुन्हा तसाच होतो. छपाईसाठी एक वेगळा स्वस्त ड्राइव्ह ठेवा, त्यात एकच पीडीएफ. नाहीतर सरळ मेल करा.

अँटिव्हायरस आहे, पण झोपलेला

विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणारी क्रॅक टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतात आणि आपण करतो. विंडोज सिक्युरिटीत ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी उघडून बघा, तिथे पूर्ण सी ड्राइव्ह सोडून दिलेला असेल तर पहाऱ्याला काही अर्थ नाही. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. चिवट व्हायरससाठी ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला डिफेंडर ऑफलाइन स्कॅन वापरा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून आधी चालू काम सेव्ह करा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अपडेट न घेण्याची किंमत मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने दाखवली होती: तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

कोपऱ्यात सारखं ‘५ व्हायरस सापडले’ असं येत असेल तर तो बहुधा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला ‘अलाऊ’ दिलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मधून तिला काढा. त्यावरचा फोन नंबर मात्र लावू नका.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली

रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सनाही कुलूप लावतं. म्हणून दोन डिस्क आलटून-पालटून वापरा. काम झालं की काढा आणि एक घरी न्या. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचा व्हाउचर नंबर जुळवा. गुगल ड्राइव्हवर सिंक होत असेल तर बिघडलेली फाइलही वर जाते, पण जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस राहते, ती परत मागवता येते.

घटना घडल्यावर

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, नवाही चोरीला जाईल. मोबाइलवरून बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, कारण चोराकडे लॉगिन झालेलं सेशन असेल तर त्याला ओटीपीही लागत नाही. पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तरच तो हाती लागतो, तेव्हा सकाळपर्यंत थांबू नका. फाइल्सना कुलूप लागलं असेल तर खंडणीची चिठ्ठी आणि एक-दोन बिघडलेल्या फाइल्स जपून ठेवा. ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. बॅकअपची डिस्क जोडायची ती सगळ्यात शेवटी, विंडोज नव्याने टाकून अपडेट झाल्यावर.