पोराच्या तळपायावरची चालणारी रेघ

आम्ही जळगावचे, मे महिन्याच्या उन्हाला वैतागून थायलंडला क्राबीला गेलो होतो, पोरगा सात वर्षांचा आणि चारही दिवस वाळूत अनवाणी. घरी आल्यावर आठवड्याने तळपायाला लाल वाकडीतिकडी रेघ दिसली, कातडीखाली सुतळी सरकवल्यासारखी, आणि खाज एवढी की झोपेतच पाय गादीवर घासायचा. आजी म्हणे "नागीण शे ही", मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली, सहा दिवस लावली, फरक शून्य (त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, डोकंच फिरलं माझं).

मग एका रात्री रेघेच्या टोकाला बॉलपेनने खूण केली. सकाळी बघतो तर रेघ खुणेच्या बोटभर पुढे! जाम घाबरलो, पण फोटो काढून ठेवले ते बरं झालं, कारण स्किनच्या डॉक्टरांनी ते बघून पहिलाच प्रश्न विचारला, समुद्रावर गेले होते का?

कुत्र्यामांजराच्या पोटातल्या हुकवर्म नावाच्या जंताची अळी निघाली. विष्ठेतून जंताची अंडी वाळूत पडतात, त्यातून निघालेली अळी पायात घुसते, पण माणसाच्या शरीरात सहसा खोल जाऊ शकत नाही म्हणून कातडीतच भटकते, काही आठवड्यांनी आपोआप मरते, पण तोवर पोराने झोपायचं कसं? अल्बेंडाझोल दिली, शाळेत जंतनाशक दिनाला देतात तीच गोळी, फक्त इथे तीन दिवस. चौथ्या दिवशी रेघ पुढे सरकायची थांबलेली, खाजही गेली, डाग मात्र दोनेक आठवडे राहिला.

आजी अजूनही म्हणते नागीणच होती.