विमानाच्या फाइलमध्ये फूट आणि पौंडच धरा

लातूरला घरी बसून संगणकावरच्या उड्डाण सिम्युलेटरसाठी सेसना १७२ या छोट्या विमानाचं मॉडेल करताना माझं विमान धावपट्टी संपली तरी उचलेना. दोन रात्री इंजिनाचेच आकडे तपासले. चूक पंखात होती. पंखाचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. मी त्याला मीटरचे फूट करायच्या ३.२८ ने गुणलं आणि ५३ लिहिलं. क्षेत्रफळाला १०.७६४ ने गुणायचं असतं. खरा आकडा १७४ चौरस फूट. आपल्याकडचा गुंठा आठवा: बाजू ३३ फूट, पण क्षेत्र १,०८९ चौरस फूट. तेव्हापासून मी हाच ताळा लावतो. पंख गुंठ्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा भरायला हवा.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची फ्लाइट मॉडेल फाइल, म्हणजे विमानाची मापं लिहिलेली फाइल, उघडा. वजन पौंडात, म्हणून किलोला २.२०५ ने गुणा. टाक्या आणि सीटच्या जागा फुटांत: पुढे, उजवीकडे, वर अधिक, उलट दिशेला उणे. कोन अंशांत.

इंधन अमेरिकन गॅलनमध्ये, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तो घेऊ नका. विमानाच्या पेट्रोलचा एक अमेरिकन गॅलन साधारण ६ पौंड भरतो.

जडत्व आघूर्ण, म्हणजे विमान फिरायला किती विरोध करतं ते, मात्र स्लग-चौरस फुटात लागतं. स्लग म्हणजे साधारण ३२ पौंडांचं वस्तुमान. किलो-चौरस मीटरला १.३५६ ने भागा. इथे पौंड घातलेत तर आकडा बत्तीस पट फुगतो आणि विमान वळायलाच तयार होत नाही.

प्रत्येक ओळीशेजारी मूळ मेट्रिक आकडा टिपणीत ठेवा.