मक्याच्या रानात तीरकमठा: गाईड घेऊन शिकारीला जाताना

माझं लहानपण दारव्हा तालुक्यात गेलं. ज्वारी निसवली की आजोबांबरोबर जागलीला जायचो, मचाणावर बसून रानडुकरं हाकलायची. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनला आल्यावर ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की झाडावर बसून हरणाची वाट बघायची असते. म्हटलं, निम्मं तर आपल्याला येतंच! कसलं काय. जागलीत डबे बडवायचे असतात, इथे नाक ओढायचीही चोरी. आता पाच हंगाम झाले. कुणी विचारलं की हेच सगळं सांगत बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मी जातो पाईक काउंटीत. इलिनॉय आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. मका-सोयाबीनची शेतं आणि त्यांच्या मधून ओढ्याकाठची ओकची झाडी. व्हाइटटेल हरणाला खायला शेत, लपायला झाडी. इथले नर दांडगे होतात ते उगाच नाही.

तारखा आधी धरा. तीरकमठ्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, पण रजा टाकायची ती ५ ते १५ नोव्हेंबरमधली. तेव्हा नर माजावर असतात. एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर न येणारा नर भर दुपारी मादीच्या मागे हुंगत फिरतो. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकन सण) आधीच्या शुक्रवार ते रविवार बंदूकवाले उतरतात. ते तीन दिवस टाळा. 

आता आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन जमीन, गाईड आणि शिकारीची सोय करून देणारा. पाच दिवसांचे साधारण तीन ते पाच हजार डॉलर, वर गाईडला दहा-पंधरा टक्के टिप. पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारा: जमीन किती एकर, त्या आठवड्यात शिकारी किती, मका कापून झालेला असेल की उभा? पहिल्या वर्षी मी यातलं काही विचारलं नाही. ऐंशी एकरांत आम्ही चौघं होतो. माझ्या झाडावरून दुसऱ्याची टोपी दिसायची! उभ्या मक्यात हरीण दिवसभर दडून बसतं, म्हणून कापणीचं विचारायचं. शिवाय मारायच्या नराच्या शिंगांचं किमान माप आणि त्याहून लहान मारला तर दंड किती, हे लेखी घ्या. बहुतेकांचा आणखी एक नियम असतो: तीर लागून रक्त सांडलं की तुमची शिकार संपली, हरीण सापडो न सापडो. आणि कुणी मक्याचा ढीग टाकून हरणं आणतो म्हणाला तर फोन ठेवा. इलिनॉयमध्ये आमिष घालायला बंदी आहे.

कागदपत्रं सोपी आहेत. १ जानेवारी १९८० किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, हॅबिटॅट स्टॅम्प (रानाच्या जपणुकीसाठीचं शुल्क) आणि हरणाचं आर्चरी, म्हणजे तीरकमठ्याचं, परमिट. बंदुकीसाठी लागणारं कार्ड धनुष्याला लागत नाही.

सराव जुलैपासून. कायद्याने धनुष्याची ओढ किमान ३० पौंड लागते, माझी ५५ आहे. खुर्चीत बसा, धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ समोर ओढा. ओढता आलं नाही तर धनुष्याची ओढ कमी करा, त्यात कमीपणा नाही. उन्हाळ्यात मी टी-शर्ट घालून शंभरातले नव्वद तीर बरोबर मारायचो. नोव्हेंबरात शून्याखाली पारा, अंगात जाड जॅकेट. दोरी बाहीला घासली आणि तीर हरणाच्या दोन हात अलीकडे मातीत. तेव्हापासून सप्टेंबरच्या घामातही तेच जॅकेट घालून बसतो. बायको हसते. तिचा एक हट्ट मात्र बरोबर होता: शिकारीचे कपडे घरात नकोत. फोडणीचा वास कपड्यांना धरतो, हरणाला तो कोसभरावरून कळत असावा. ते आता गॅरेजमध्ये झाकणाच्या डब्यात असतात.

झाड गाईड ठरवतो, कारण तुम्ही पैसे देता ते त्याच्या वर्षभराच्या टेहळणीचे. माझा गाईड साठीचा शेतकरी आहे, खिशात मिल्कवीडच्या म्हाताऱ्या ठेवतो. रुईच्याच कुळातलं झाड. एक म्हातारी सोडायची आणि बघत राहायचं. सकाळी ऊन तापलं की ती वर चढते, संध्याकाळी ओढ्याकडे उतरते. तुमचा वासही तिच्याच मागून जातो. तो "आज त्या झाडावर नको" म्हणाला, तर हट्ट धरू नका.

वर चढताना अंगावरचा सुरक्षेचा पट्टा जमिनीवर असतानाच झाडाच्या दोरीला अडकवा. धनुष्य मागाहून दोरीने ओढून घ्या. या खेळात माणसं जायबंदी होतात ती बहुतेक पडून.

आणि मग तो क्षण. आधी मादी येते, मागे वळून बघते. तिने मागे बघितलं की समजायचं, कुणीतरी आहे. मग पानांचा चुरचुर आवाज, डुकरासारखं घुर्र, आणि नाक जमिनीला लावलेला नर. त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं की ओढा. ओढून झाल्यावर कंपाउंड बोची (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ओढ ऐंशी टक्क्यांनी उतरते, हातात अकरा पौंडच राहतात. तरी दोन मिनिटांत दंड थरथरतो. तोंडाने "मॅ" करा, तो थबकतो. पूर्ण आडवा किंवा किंचित पलीकडे वळलेला असेल तरच सोडा. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. उंचावरून मारताना कमरेतून वाका, हात नुसता खाली नेलात तर तीर वर जातो. समोरून चाल करून येत असेल तर जाऊ द्या. मी तीन वर्षांत असे सात सोडलेत, त्यातला एक अजून स्वप्नात येतो.

तीर सुटला की घड्याळ बघा आणि तिथेच बसा. मी दुसऱ्या वर्षी वीस मिनिटांत खाली उतरलो होतो. तिराला काळपट रक्त होतं, म्हणजे यकृत, म्हणजे किमान चार तास थांबायचं. बसलेलं हरीण माझ्या चाहुलीने उठलं आणि शेजारच्या कुंपणापलीकडे गेलं. गाईडने रात्री त्या शेतकऱ्याची परवानगी काढली. सकाळी सापडलं, तोवर कोयोटींनी (इथलं कोल्ह्यासारखं जनावर) निम्मं खाल्लं होतं. गुलाबी फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास पुरे. हिरवट आणि वास मारणारं असेल तर पोटात लागलंय, सकाळपर्यंत जाऊच नका.

हरीण सापडल्यावर फोटोच्या आधी पायाला टॅग बांधा, आणि रात्री दहाच्या आत नोंद करा. मांस गावातल्या लॉकरवाल्याकडे, म्हणजे हरीण कापून देणाऱ्या खाटकाकडे, द्या. तो सॉसेजमध्ये डुकराची चरबी घालू का विचारेल. पाठीचे दोन लांब तुकडे अख्खे मागून घ्या, बाकीचं रश्श्यासाठी हाडासकट. चरबी नसते, त्यामुळे सावजी मसाल्यात तेल नेहमीपेक्षा जास्त लागतं.